आधीच लावलेली लेबलं

४ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची कामावर! दुर्बिणीची खोली म्हणतात हिला. नाकातून बारीक नळी घालायची, श्वासनलिका आतून पडद्यावर बघायची, संशय आला की चिमट्याने फुप्फुसाचा इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. नळ्या धुणं आणि तुकड्यांच्या बाटल्या सांभाळणं माझ्याकडे. डॉक्टरबाई कडक, पण चहाला आवर्जून बोलावतात. तुकडा बाटलीत पडल्यावरच लेबल लावायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

७ मार्च
आज दोनच पेशंट होते. आधी मास्तरीणबाई, मग शिंपीकाका. वेळ वाचावा म्हणून मी सकाळीच दोन्ही बाटल्यांना नावांची लेबलं लावून त्या ओळीने मांडल्या. काका भारी गमत्या. खोकत खोकत म्हणाले, पोरी, जपून काप, हे कापड बाजारात मिळत नाही. ऐनवेळी मास्तरीणबाईंचं बीपी वाढलं, म्हणून काकांना आधी घेतलं. दुपारपर्यंत सगळं उरकलं.

१३ मार्च
रिपोर्ट आले. काकांचा नॉर्मल, मास्तरीणबाईंना कॅन्सर. जेवताना एकदम आठवलं. माणसं मागेपुढे झाली, बाटल्या मी तशाच ओळीने भरल्या. ताट बाजूला सारलं.
उद्या सांगते.

२२ मार्च
नाही सांगितलं. कामाला लागून महिनाही झाला नाही, कुठल्या तोंडाने सांगू? लाज वाटते. भीती त्याहून जास्त.

२६ एप्रिल
शिंपीकाका गेले. खोकताना रक्त आलं ते थांबलंच नाही. त्यांची मुलगी तो नॉर्मल रिपोर्ट घेऊन आली होती. कसं झालं हो, एवढंच विचारत होती. मी नळ्या धुवत राहिले.

२९ एप्रिल
पडद्यावर आजच्या पेशंटच्या श्वासनलिकेत चिमट्याच्या ताज्या खुणा. काकांच्या होत्या तिथेच, तेवढ्याच. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही नाही, सगळं साफ आहे.

३० एप्रिल
पुन्हा त्याच खुणा. दुसरी पेशंट. नळी धुताना आतून खोकला — काकांचाच.

२ मे
उद्या अकराला मास्तरीणबाईंचं अर्धं फुप्फुस काढणार. धडधाकट बाई. आज सांगणारच होते. तेवढ्यात टेबलावरची पेशंट बोलली — गुंगीत होती, नळी घशात, बोलूच शकत नाही माणूस —
"पोरी, आता कुणाला सांगतेस?"

३ मे, सव्वादहा
डॉक्टरबाईंपुढे तोंड उघडलं. शब्द नाही, काकांचा खोकला निघाला. त्यांनी पाणी दिलं, घरी जा म्हणाल्या. आवाजच नाही मला. म्हणून लिहिते, ही वहीच त्यांच्या हातात देते —
मास्तरीणबाईंना ऑपरेशनला आत नेलं. पानावर रक्त पडतंय, माझं — लवकर —
डॉक्टरबाई, थांबवा. मास्तरीणबाईंना काही झालेलं नाही. सात तारखेच्या बाटल्या मी