मागचा डावा पाटा

३ नोव्हेंबर, सोमवार

सुकापूरच्या प्लॉटवर बांधकाम सुरू होतं आहे. मालकांनी महिनाअखेरपर्यंत गाडी हलवायला सांगितलं. विकायची तर भाव ठरवावा लागणार, आणि तो कुणाशी बोलून ठरत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

मुक्ताचा पुण्याहून फोन. "आई, बाबांची गाडी भंगारात दे आणि मोकळी हो." कशातून मोकळी, ते लेकीला विचारलं नाही.

भंगारवाला नव्वद हजार म्हणतो. त्याला देणार नाही. भोळं गिऱ्हाईक गाठून फुगवूनही विकणार नाही. वाजवी भाव हवा. तो असतो, शोधावा लागतो.

५ नोव्हेंबर

दुपारी एकटीच जाऊन पाहून आले. टप गळतो. प्लाय फुगून पापुद्रे सुटलेत. ओट्याखालचा पत्रा इतका सडलाय की खालचं गवत दिसतं. सिंकमध्ये पालीची अंडी. अरविंदने केलेली कपाटं मात्र जशीच्या तशी, दारं न कुरकुरता लागतात. मूळची वऱ्हाडं नेणारी मिनीबस. निवृत्तीनंतर त्याने तिचं फिरतं घर केलं. झोपायला दोन बाक, ओटा, पाण्याची टाकी. बहुतेक वेळा मी चालवायची, तो मागे डाव्या बाकावर आडवा.

सवयीने चालकाच्या सीटवर बसले. गाडी मागून डावीकडे दबली. अ. बाकावरून पाय खाली सोडायचा तेव्हा दबायची तशी, तेवढीच. मग वर आली.

वारा नव्हता. मागे पाहिलं नाही.

७ नोव्हेंबर

पळस्प्याहून मेकॅनिक रफीकभाईंना आणलं. निम्मे गाडीखाली शिरून बोलतात, त्यामुळे सगळं त्यांच्या पायांशी बोलावं लागतं. गिअरबॉक्स उतरवायचा. क्लच. वायरिंग सगळं नवं. टप, खालचा पत्रा.

"आणि मागचा डावा पाटा तुटलाय, मॅडम, चाकावरची स्प्रिंग. गाडी त्या बाजूला आपोआप बसते का?"

"बसते."

"तेच ते. पाटा बदलला की बंद होईल."

बंद होईल. म्हटलं, लिहा यादीत.

कपाटांचे किती धरायचे विचारलं. "काम उमदा आहे. पण गाडीत लाकडाचे पैसे कुणी देत नाही. माफ करा, तोंडावर बोलतो."

८ नोव्हेंबर

याच वयाची चालू मिनीबस साडेचार लाखांना जाते, दोन ठिकाणी विचारून खात्री केली. दुरुस्ती दोन लाख चाळीस. राहिले दोन लाख दहा. पाट्याचे सहा हजार त्यातच धरलेत. सहा हजारांत बंद होणार आहे ते.

एक गोष्ट हिशेबात आली नाही. दोन वर्षांपूर्वी श्रीवर्धनच्या अलीकडे नारळीच्या बागेत गाडी लावली होती. मी बाहेर चहा केला. अ.ला हाक मारली. परत मारली. चहावर साय धरली तेव्हा आत गेले.

तिथल्या डॉक्टरांनी कागद दिला. दुसरी गाडी मिळायला संध्याकाळ झाली असती, म्हणून मीच त्याला घरी आणला, त्याच बाकावर. वाटेत दोनदा त्याला विचारलं, कुठून वळू.

याची वजावट किती धरायची?

१० नोव्हेंबर

रफीकभाईंना आडून विचारलं, गाडीत कुणी वारलं असेल तर भाव किती मिळतो.

"अर्धा. सांगितलं तर."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पूर्ण." हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

ब्रेक बघायला त्यांनी आज मागची दोन्ही चाकं काढली. गाडीचं मागचं वजन लाकडी ठोकळ्यांवर, पाट्यांवर काही नाही. ते सामान आणायला गेले तेव्हा मी जाऊन सीटवर बसले. पडताळून पाहायचं होतं.

दबली. डावीकडे.

पाट्याचे सहा हजार तरीही वजाच राहतील. तो तुटलाय हेही खरंच.

१४ नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं. उरणचं कोळी जोडपं, वनिता आणि धनाजी. तो बंदरात कामाला, ती मासळी विकते. पळस्प्याला हायवेच्या कडेला गाडीत जेवणाच्या थाळ्या विकायच्या आहेत. वनिताने कपाट उघडून आत डोकं घालून हुंगलं.

"यात तांदूळ ठेवू."

"आनि मावरं?" धनाजी.

"मावरं तुझ्या डोक्यावर."

मग माझ्याकडे वळून, "बाई, भाव तुमीच बोला. आमी कमी करनार म्हनून लोक आदीच वाढवून बोलतात. तसं नको. तुमी एकदाच बोला, खरा बोला."

इतकी वर्षं वर्गात प्रश्न मी विचारले. असं कुणी मला उभं केलं नव्हतं. दोन लाख दहा सांगितले. त्याआधी यादी वाचून दाखवली, पाट्यासकट. धनाजी म्हणाला, "म्याडम गाडी इकतात का गाडीची बदनामी करतात?"

मग राहिलेलं सांगितलं. कुठला बाक, तेही. याचे किती कापायचे ते तुम्ही ठरवा, म्हटलं.

धनाजी पायरीवरून खाली उतरला. वनिताने बाकावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

"मानूस गेला त्याचे पैशे काय कापायचे? सासऱ्यांच्या होडीत त्यांचा धाकला भाव गेला. होडी इकली तवा सासऱ्यांनी काठावरनं त्याला नावानं हाक मारली. उतर, बोलले. मग दिली. तुमी तेवढं करा. भाव कबूल हाय."

मी असलं काही मानत नाही, म्हटलं.

"नका मानू. हाक मारा."

१७ नोव्हेंबर

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन. एक लाख तीस. तोंडावर नाही म्हटलं. भाव वाजवी निघाला आहे, घेणारे मान्य करतात, अडलंय माझ्यामुळे.

हाक मारली आणि काहीच झालं नाही, तर मी त्याला गाडीबरोबर विकला. हाक मारली आणि उतरला, तर उतरणार कुठे? प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारून झाल्यात.

दुपारी जाऊन बसले. चाकं परत बसवली आहेत. आज एकदाही दबली नाही. मी वाट पाहत होते. हे मुक्ताला सांगणार नाही, इथे लिहून ठेवते.

१९ नोव्हेंबर

गेले नाही. घरी बसून डाळ निवडली. संपूर्ण वेळ मान डावीकडे.

२१ नोव्हेंबर

वनिताला फोन केला. या म्हटलं. तिने "हाक मारनार ना?" विचारलं नाही. "नवऱ्याची सुटी बघते," एवढंच.

२३ नोव्हेंबर, रविवार

ओढून न्यायला टेम्पो घेऊन आले दोघं. धनाजीच्या हातात नारळ, पण फोडेना. "आदी बाईंचं होऊ दे."

दाराशी उभी राहिले. 'उतर' हा शब्द तोंडातून येईना. मागे झोपलेला असला की घरी पोचल्यावर जे म्हणायची तेच म्हटलं.

"अरविंद, पनवेल आलं."

टेम्पोवाल्याने गाणं बंद केलं. गाडी किंचित हलली. पण धनाजीनेही त्याच वेळी दारावर हात टेकला होता. आधी काय झालं, सांगता येणार नाही.

वनिताने विचारलं, "उतरले?"

"माहीत नाही."

ती गाडीकडे बघत राहिली. गाडी नको म्हणेल असं वाटलं. म्हणाली असती तर आजचा व्यवहार माझ्याच उत्तराने मोडला असता.

"बरं. मंग बसू दे त्यांना. ए भाऊ, दोर लाव. हळू ने, आत मानूस हाय."

नारळ फोडला.

दिलं: गाडी, आहे त्या स्थितीत. दोन्ही चाव्या. कागद, फिटनेस संपल्याचं सांगून. जॅक, पाना, पाण्याचा पाइप. दुरुस्तीची यादी. कपाटं आणि दोन्ही बाक, बसवलेले तसेच.

घेतलं: ठरलेली रक्कम, पूर्ण, चेकने. अर्धं खोबरं.

अ. कोणत्या बाजूला लिहायचा, ते ठरत नाही.