आ शाऊच्या कड्यावर

१० फेब्रुवारी १९६७
पोहोचले एकदाची आ शाऊच्या खोऱ्यात! पायांना फोड, जळवांची मेजवानी, तरी मजा वाटतेय. आम्ही अकरा जणी गुहेत राहतो, बॉम्बने पडलेले खड्डे बुजवतो आणि दक्षिणेच्या आघाडीवर रसद नेणारे ट्रक पुढे काढतो. आमची म्होरकी थोआताई म्हणाली, फार हसू नकोस गं, दात चमकले तर विमानं येतील.

१८ फेब्रुवारी
ट्रक दिवे न लावता येतात. म्हणून तिन्हीसांजेला आम्ही पांढरे सदरे घालून कड्याच्या काठाला उभ्या राहतो. ड्रायव्हर सदरा बघून रस्त्याची कड ओळखतो. उभं राहिलं की हलायचं नाही, एवढाच नियम. ड्रायव्हर खांगदादा रोज ट्रकातून ओरडतो, "काय गं थाय बिन्हवाली, भात जास्त झाला का? डुलतेयस!" माझ्या थाय बिन्हला भात मुबलक, म्हणून चिडवतो. काल त्याने गूळ दिला.

२ मार्च
विमान आलं. मी घाबरून काठाखालच्या कपारीत उतरले, पण सदरा दिसत राहिला. खांगदादाने त्याचाच अंदाज धरला आणि ट्रक दरीत गेला. थोआताई म्हणाली, कडा ढासळला असणार. मी मान डोलावली.

५ मार्च
तो सापडलाच नाही. ताईने कड्यावर भाताचा वाडगा ठेवला, मेलेल्यासाठी रोवतात तशा जेवायच्या काड्या त्यात उभ्या रोवल्या, त्याच्या आत्म्याला नाव घेऊन हाक मारली. माझ्या तोंडून नाव फुटेना. परतताना पायवाटेवर मागे इंजिनाचा आवाज. ओढ्यापर्यंत. तिथे ट्रक येऊच शकत नाही. तो अजून माझ्या सदऱ्यामागेच येतोय.

७ मार्च
सदरा काढून ठेवला. आमच्यातल्या मिएनचा फाटला होता, तिने मागितला. सांगायला हवं होतं. मी नुसतं 'ने' म्हणाले.

८ मार्च
मिएन ओढ्याजवळ सापडली. चिखलात चाकांचे वण. सगळ्या म्हणाल्या, बॉम्ब. मी पुन्हा मान डोलावली. माझ्यामुळे मेली पोरगी.

९ मार्च
ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला सांग."

१० मार्च, तिन्हीसांज
मिएनच्या अंगावरून परत आलेला तोच सदरा घातलाय. बरोबर काठावर उभी आहे, वही हातात. मी नाही आले तर उद्या दुसरी कुणी—
इंजिन. ट्रक दिसत नाही—
सांगितलं. दादा, मी हलले होते, चूक माझी. आता नाही हलणार—
थांबलाय. अगदी समोर. गुळाचा वास—
म्हणतोय, तिथे नाही गं. त्या दिवशी होतीस तिथेच उभी राहा—
पाय आपोआप कपारीकडे—