एकटीचा तंबू

नाना,

तुम्ही आणलेला दोघांचा तंबू सोफ्यावर ठेवलाय. धाकट्या तेजसला माझ्यासोबत धाडायचं म्हणून आणलात, पण बर्फाच्या चढावर तो तंबूही मीच वाहणार आणि तेजसलाही मीच. मी माझा एकटीचाच नेतेय, डझनभर केळ्यांपेक्षा हलका. तुम्ही हे वाचाल तोवर गाडीने भुसावळ सोडलं असेल.

हा कागदासारखा तंबू पावसात गळणार, असं तुम्ही सगळ्या पिंप्राळ्यात सांगत फिरलात. रविवारी गच्चीवर मी त्यात झोपून बघत होते, तेव्हा वरून बादलीभर पाणी कोणी ओतलं, ते मला कळलं. तुमचा खोकला लपत नाही, नाना.

तुम्ही तोंडाने विचारणार नाही, म्हणून लिहून ठेवते. आत एक थेंबही आला नाही.

मयुरी