आधी आसन, मग श्वास

छत्रपती संभाजीनगर

सौ. मंजुषास, इकडं मी बरा, तिकडं तुम्ही सगळे बरे असाल.

घोंगडीचं आसन, नाक साफ करायच्या नेतीसाठी मेण लावलेली सुती दोरी आणि टाके घातलेली वही, सगळं माझ्या हातानं केलंय. जुना योगग्रंथ त्या वहीत एकेका शब्दाचा अर्थ लावत उतरवतोय.

मागं चक्कर आली, त्याची काळजी नको. आसनाचं प्रकरण अर्धवट सोडून मी श्वास कोंडायला बसलो होतो. चूक माझी, ग्रंथाची नाय. आता चाळीस मिनिटं मांडी हलत नाय.

तुझी कंबर कशी आहे?

तुझा,
कडूबा

ता.क. "पोथीनं पोट भरतं व्हय?" असं तू विचारलं होतंस. गुलमंडीतले योगवर्गवाले म्हणाले, "पंधरा दिवसांत लोकांना श्वास रोखायला शिकवा, कडूबाभाऊ." मलाच अजून नीट येत नाय, म्हणून नको म्हणालो. महिना पंचवीस हजार देत होते.