पांढरा ठिपका

वहिनी,

नमस्कार. काल मला जेवायला वाढताना तुम्ही पुन्हा म्हणालात, "एवढी मोठी आग, भाऊजी, आणि कुण्णालाच कशी दिसली नाही? वेळेवर कुणी पाहिलं असतं, तर वाचले असते हो हे." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

माझ्या कामाबद्दल घरी बोलायची मला परवानगी नाही. दादा थट्टा करायचा, "हा आकाशात डोळे बसवतो, आणि घरात याला स्वतःचा चष्मा सापडत नाही." खरंच होतं ते. आमचे उपग्रह वरून जमिनीवरची धग बघतात. कुठे क्षेपणास्त्र सुटलं, तर ते पडायच्या आत इशारा देतात. खोटा इशारा गेला तर उगाच युद्ध पेटेल, म्हणून साध्या आगी सोडून द्यायला मीच त्यांना शिकवलं.

त्या दुपारी रंगाचं गोदाम पेटलं, दादा आत होता. उपग्रहाने ती आग सगळ्यांच्या आधी पाहिली आणि क्षेपणास्त्र नाही म्हणून सोडून दिली. अगदी बरोबर सोडली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आत कोण होतं, हे त्यांना माहीत नाही. आता यंत्रणेत काहीही बदललं की चाचणीला त्याच आगीची नोंद पुन्हा दाखवतात. पडद्यावर पांढरा ठिपका उमटतो, वाढतो. मी मनात म्हणतो, आज तरी थांब, नीट बघ. ठिपका पुसला जातो. मागून कुणीतरी म्हणतं, "पास! चला, चहा घेऊ."

दिसली होती, वहिनी. अजून रोज दिसते.

तुमचा,
धाकटा दीर