माप तेच, तरी केसर खूश

चिंचवड, फेब्रुवारी १९७७

वडीलधारे ज्योतीरामभाऊ यांस हिंदुरावचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? (तालमीच्या मातीत वाढलेल्या माणसाचा गुडघा ऐन सुगीतच कसा धरतो, याचे मला नवल वाटते. असो.) पत्रास कारण तुमची बहीण. घाबरू नका, ती ठणठणीत आहे. तोच तर मुद्दा आहे.

आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाने दिवाळीनंतर व्यायामवर्ग काढला. शाळेत कवायत शिकवणाऱ्या विमलबाई बायकांकडून दोरीच्या उड्या मारून घेतात, मैदानाला पळत चकरा मारायला लावतात. केसर पूर्वी कशी होती हे तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाला निघायचे तर आरशापुढे साड्यांचा ढीग, फोटोत कुणाच्या तरी पाठीमागे उभी, आणि “मी लई जाड दिसते का हो?” हा प्रश्न मला. मी “थोडी” म्हणालो की रुसायची. असा आमचा संसार सुरळीत चालला होता. आता ती विचारतच नाही. आरशात एकदा बघते, स्वतःशीच हसते आणि निघते.

मी कंपनीत तपासणीला आहे. जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, दुरुस्तीला गेला आणि माप जैसे थे राहिले, तर तो पास करायचा नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले. तेव्हा केसर बारीक झाली असणार, असे मी धरून चाललो. खात्री करावी म्हणून टेप घेतली आणि गॅलरीत वाळत घातलेला तिचा नवा ब्लाउज जुन्याशी ताडून पाहिला. एका सुताचाही फरक नाही. तेवढ्यात शेजारच्या सुभद्राबाई बाहेर आल्या. “काय ओ भाऊजी, शिवणकाम काढलंय व्हय?” म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगीला कळले.

पूर्वीची केसर असती तर आठवडाभर माझ्याशी बोलली नसती. ही पोट धरून हसली. म्हणाली, “माप कशाला घेताय? हाय तेवढीच हाय मी. पर मैदानाला न थांबता पळते आता. एवढं काम करतंय हे अंग, त्याला कशाला नावं ठेवू?” तुम्हीच सांगा, हे बोलणे आपल्या केसरचे वाटते का? विमलबाई तिथे आणखी काय शिकवतात, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या हॉलच्या खिडकीतून पाहिले. नुसत्या उड्याच. त्यामुळे तर माझा संशय अधिकच वाढला.

खरे सांगतो भाऊ, मला धास्ती वाटते. तिला जाड ठरवायचे की बारीक, हे काम माझ्याकडे होते. आता मला कोणी विचारत नाही.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला
हिंदुराव

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कंपनीचे खेळ आहेत. केसरने नवरा-बायकोच्या तीन पायांच्या शर्यतीत आमची नावे देऊन टाकली आहेत. मी जिना चढताना मध्येच टेकतो हे तिला माहीत आहे, साहेबांना नाही. तरी तुमच्या आई आजारी असल्याचे कळवून तिला त्या रविवारी तिकडे कराडला बोलावून घ्यावे.

ता. क. दुसरा. आईंना आजारी पाडू नका. पाकीट चिकटवायच्या आत केसरने टॉवेलने माझा पाय आपल्या पायाला बांधला आणि मला गॅलरीभर पळवले. मी धापा टाकत खाली बसलो आणि सदरा ओढून पोट झाकू लागलो. ती म्हणाली, “राहू द्या. हाय तसंच चांगलं दिसता तुमी.” भाऊ, हे मला आजवर कोणी म्हटले नव्हते. यातही तिचा काहीतरी डाव असणार. पण मी पळणार आहे.