न विरणारी घंटा

२४ एप्रिल २०२५
विहारातला बुद्धभूषण आला होता. "काकू, काका पौर्णिमेला वंदनेआधीची घंटा कॉम्प्युटरवर करून देणार होते. झाली का?"
मला काय माहीत! यांना जाऊन तीन महिने झाले. त्याआधी दोन वर्षं हे त्या यंत्राकडे तोंड करून बसायचे — माझ्याकडे पाठ. हाक मारली तरी ओ नाही. मला कंटाळले होते, असंच मी धरून चालले आहे. का कंटाळले, ते त्या यंत्रात सापडलं तर बघते.

२५ एप्रिल
वाजवून पाहिली. घंटा कसली — भोंगा! सुरुवातीला जेवढा मोठा, शेवटी तेवढाच. मग खटकन बंद.

२९ एप्रिल
यांची वही वाचते आहे. माझं गणित नववीपर्यंत. आवाज म्हणजे शून्याच्या वरखाली जाणारे आकडे. त्यांवर यांनी 'चिन्ह-फलन' लावलंय, प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव एसजीएन. आकडा शून्याच्या वर असला की ते म्हणतं एक. खाली असला की उणे एक. शून्याला शून्य. वर किती, खाली किती, हे विचारतच नाही.
बरं आहे त्याचं.

३० एप्रिल
भात केला. खाल्ला.

३ मे
लेक आली, आम्रपाली. पाच मिनिटांत म्हणाली, "आई, बाबांची चूक आहे. आधी आवाज कमी करत आणलाय, आणि मग एसजीएन! कणभर उरलेला आवाजही परत पूर्ण एक होतो."
"मग?"
"एसजीएन आधी घे, कमी करणं नंतर. तूच कर. मी चहा टाकते."
प्रोग्रॅममधली एसजीएनची ओळ वर नेली. घंटा जराशी खरखरली, पण विरत गेली. शेवट तर कान देऊन ऐकावा लागला.
"बाबांना कसं कळलं नाही? रोज ऐकत होते ना?"
"मी रोज बोलत होते, तेही कळलं नाही."
ती हसली. मी नाही.

४ मे
सगळ्या फाइली पाहिल्या. माझ्याविषयी एक अक्षर नाही.

८ मे
कानाच्या मशीनच्या दुकानातून फोन. "सुखदेव काकांचा नंबर बंद लागतोय. दोन्ही कानांची मशीनं कधीची तयार आहेत."
ते गेले, म्हटलं.
तो म्हणाला — "घरी कळवू नका म्हणाले होते. मशीन घालूनच घरी जाणार होते."